मॉरिल टॅरिफ कधी मंजूर झालं? जागतिक इतिहास शिकवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
स्पर्धा परीक्षांसाठी जागतिक इतिहासाच्या मराठी नोट्स काढणारे, क्लास घेणारे आणि व्हिडिओ करणारे सर्वजण

सप्रेम नमस्कार.

अमेरिकी यादवी युद्धाची कारणं सांगताना एक वाक्य हमखास येतं. उत्तरेच्या कारखानदारांनी आयातीवर जबर शुल्क बसवलं, त्याचा भार शेतीवर जगणाऱ्या दक्षिणेवर पडला आणि दक्षिणेची राज्यं फुटून निघाली. पाठोपाठ पुरावा म्हणून ‘मॉरिल टॅरिफ, १८६१’, म्हणजे आयात शुल्क वाढवणारा त्या वर्षीचा कायदा. काही ठिकाणी तर गुलामगिरी हे वरवरचं कारण आणि टॅरिफ हे खरं कारण, असंही बिनदिक्कत ठोकून दिलेलं असतं. विद्यार्थी ते पाठ करतात, सराव चाचणीत टिक करतात आणि पुढे जातात. हे पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे.

टॅरिफ किरकोळ होतं असं आमचं म्हणणं नाही. १८६० मध्ये अमेरिकी केंद्र सरकारचं एकूण उत्पन्न सुमारे ५ कोटी ६१ लाख डॉलर होतं आणि त्यातले ५ कोटी ३२ लाख फक्त कस्टममधून आले होते. प्राप्तिकर नव्हता, अबकारी नव्हती. उरलेलं थोडंसं मुख्यतः सरकारी जमिनींच्या विक्रीतून यायचं. ज्या शुल्कावर अख्खं सरकार चालत होतं, त्यावरून भांडणं होणारच. आमची तक्रार क्रमाबद्दल आहे. तुम्ही कार्य आधी आणि कारण नंतर असं मांडता आहात.

तारखा बघू. साउथ कॅरोलायना २० डिसेंबर १८६० रोजी संघराज्यातून बाहेर पडली. जानेवारीत ९ तारखेला मिसिसिपी, १० ला फ्लोरिडा, ११ ला अलाबामा, १९ ला जॉर्जिया, २६ ला लुइझियाना. १ फेब्रुवारीला टेक्सासच्या अधिवेशनाने ठराव केला. ८ फेब्रुवारीला अलाबामातल्या माँटगोमेरीत फुटलेल्या राज्यांच्या नव्या राष्ट्राची, म्हणजे कॉन्फेडरसीची, हंगामी घटना मंजूर झाली. मॉरिल टॅरिफ सिनेटमध्ये पास झालं ते २० फेब्रुवारीला. राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन यांची सही २ मार्चची आणि अंमल १ एप्रिल १८६१ पासून. राज्यं एकामागून एक फुटत होती तेव्हा लागू होतं १८५७ चं टॅरिफ, म्हणजे दक्षिणेच्या सिनेटरांनी स्वतः घडवलेलं आणि कित्येक दशकांतलं सर्वांत हलकं.

यावर एक रास्त आक्षेप येतो आणि तो तुमच्यातले जाणकार घेतातही: बिल प्रतिनिधिगृहात १० मे १८६० रोजीच १०५ विरुद्ध ६४ मतांनी पास झालं होतं, मग दक्षिणेला पुढचं दिसत नव्हतं का? दिसत होतं. पुढे फुटलेल्या राज्यांमधून बिलाच्या बाजूने पडलेलं मत एकच होतं, टेनेसीचं. पण प्रतिनिधिगृहात पास झालेलं बिल म्हणजे कायदा नव्हे. ते सिनेटच्या वित्त समितीकडे गेलं आणि समितीचे अध्यक्ष होते व्हर्जिनियाचे रॉबर्ट हंटर, १८५७ च्या शुल्ककपातीचे एक कर्तेकरविते. त्या उन्हाळ्यात सिनेटने बिल पुढच्या अधिवेशनावर ढकललं. ते तिथेच अडकून राहिलं असतं. का, हे समजायला फक्त बेरीज लागते.

२० फेब्रुवारी १८६१ चं मतदान: बाजूने २५, विरोधात १४. बाजूच्या मतांत पेनसिल्व्हेनियाचे विल्यम बिगलर सोडले तर सगळे रिपब्लिकन. तोपर्यंत सहा राज्यांचे सिनेटर सभागृह सोडून गेले होते. साउथ कॅरोलायनाच्या दोघांनी नोव्हेंबरमध्येच राजीनामे दिले. मिसिसिपीचे जेफरसन डेव्हिस आणि त्यांचे चार सहकारी २१ जानेवारीला निरोपाची भाषणं करून निघाले. लुइझियानाचे दोघे (त्यांतले एक जॉन स्लायडेल) ४ फेब्रुवारीला. प्रत्येक राज्याचे दोन, म्हणजे बारा जागा. टेक्सासचं सार्वमत २३ फेब्रुवारीचं, म्हणून त्याचे दोन सदस्य या हिशेबात धरलेले नाहीत. आता चौदात बारा मिळवा: २६ विरुद्ध २५. बिल एका मताने पडतं. बरोबरी झाली असती तरी निर्णायक मत उपराष्ट्राध्यक्षांचं आणि ते होते केंटकीचे जॉन ब्रेकिनरिज, १८६० च्या निवडणुकीतले दक्षिणी डेमोक्रॅटांचे उमेदवार. शिवाय हे सगळे जागेवर असते तर बिल हंटर यांच्या हाताखालून मतदानापर्यंत आलंच असतं का, हाही प्रश्नच आहे.

हा हिशेब आम्ही मागाहून बसून केलेला नाही. तो त्या वेळी जाहीर सभेत मांडला गेला होता, आणि तोही एका दक्षिणी नेत्याने. नोव्हेंबर १८६० मध्ये जॉर्जियाची तेव्हाची राजधानी मिलेजव्हिल इथे विधिमंडळासमोर लागोपाठ भाषणं झाली. १३ तारखेला जॉर्जियाचे सिनेटर रॉबर्ट टूम्ब्स यांनी मॉरिल बिलावर तोफ डागली. १४ तारखेला अलेक्झांडर स्टीव्हन्स यांनी उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं असं: टॅरिफचा वाद आता उरलेला नाही, १८५७ मध्ये मॅसॅच्युसेट्सने दक्षिणेच्या बरोबरीने मत दिलं आणि दर दक्षिणेला हवे तितके खाली आले, आणि लिंकन निवडून आला तरी सिनेटमध्ये त्याच्या विरोधात चारचं मताधिक्य राहील. हेच स्टीव्हन्स तीन महिन्यांत कॉन्फेडरसीचे उपाध्यक्ष झाले आणि २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना इथे त्यांनी सांगितलं की नव्या सरकारचा कोनशिलेचा दगड म्हणजे गोरा आणि काळा समान नाहीत आणि गुलामी ही काळ्यांची नैसर्गिक स्थिती आहे, हे तत्त्व. टॅरिफसाठी फुटायचं असतं तर सिनेटमधली जागा सोडणं हा त्यातला सर्वांत वेडगळ मार्ग होता. टूम्ब्स, डेव्हिस, स्लायडेल यांना कोणी काहीही म्हणो, संसदीय हिशेबात ही माणसं कच्ची नव्हती.

आता टॅरिफ नावाची वस्तू आतून कशी असते ते. नोट्समध्ये ती एका टक्केवारीत उरकली जाते आणि म्हणून सगळा वाद ‘जास्त’ आणि ‘कमी’ एवढ्यावर येऊन थांबतो.

१८४६ चं वॉकर टॅरिफ मिसिसिपीचे रॉबर्ट वॉकर अर्थमंत्री असताना झालं. त्याने आयात माल वर्गांमध्ये वाटला: एका वर्गावर १०० टक्के (मुख्यतः दारू), पुढच्यावर ४०, मग ३०, २५, २० असं उतरत शून्यापर्यंत. लोखंड, लोकरी कापड आणि साखर ३० च्या वर्गात. सगळे दर मूल्याधारित, म्हणजे मालाच्या किमतीवर टक्केवारी. १८५७ मध्ये १०० आणि ४० चे वर्ग ३० वर आले, ३० चा वर्ग २४ वर. पाउंडाला २० सेंट किंवा त्याहून स्वस्त लोकर शुल्कमुक्त झाली. मॅसॅच्युसेट्सचे गिरणीवाले दक्षिणेबरोबर का गेले याचं उत्तर त्या लोकरीत आहे: त्यांना कच्चा माल स्वस्त हवा होता. विरोधात कोण होतं? पेनसिल्व्हेनियाचे लोखंडवाले आणि ओहायोकडचे मेंढपाळ. म्हणजे ‘उत्तर’ म्हणून कोणी एक गडी नव्हता. दक्षिणही एकसंध नव्हती. लुइझियानाच्या ऊसमळ्यांना साखरेवरचं संरक्षण हवंच होतं आणि केंटकी-मिसुरीच्या अंबाडीवाल्यांनाही.

कपातीचं कारण तेव्हा कोणी तत्त्वज्ञान म्हणून सांगितलं नाही. तिजोरीत शिल्लक साठत होती आणि त्या काळच्या नियमाने आयातदारांना शुल्क सोन्या-चांदीच्या नाण्यांतच भरावं लागे. नाणी सरकारी तिजोरीत पडून राहिली की बाजारातला पैसा आटतो. म्हणून दर उतरवा, हा सरळ हिशेब. कायदा १ जुलै १८५७ पासून लागू झाला. २४ ऑगस्टला ओहायो लाइफ इन्शुरन्स अँड ट्रस्ट कंपनी कोसळली आणि मंदी आली. आयात आटली. कस्टमचं उत्पन्न १८५७ च्या ६ कोटी ३९ लाखांवरून पुढच्या वर्षी ४ कोटी १८ लाखांवर घसरलं. राष्ट्रीय कर्ज १८५७ मध्ये २ कोटी ८७ लाख डॉलर होतं ते १८६० पर्यंत ६ कोटी ४८ लाख झालं. डिसेंबर १८६० मध्ये सरकारने अल्पमुदतीच्या नोटा विकायला काढल्या तेव्हा १२ टक्क्यांपर्यंत व्याज मोजावं लागलं. मॉरिल कायद्याचं पूर्ण नाव वाचलंत तर त्यात आधी येतात थकीत ट्रेझरी नोटांची फेड आणि कर्ज काढण्याची परवानगी, आणि त्यानंतर आयात शुल्क. नाव उगाच तसं नाही.

मंदीने मूल्याधारित शुल्काची दोन दुखणी उघडी पाडली. पहिलं दुखणं बीजकाचं. मालाची किंमत परदेशातल्या बीजकावरून ठरते, म्हणून आयातदार एक बीजक कस्टमसाठी आणि दुसरं खऱ्या व्यवहारासाठी ठेवू शकतो. न्यूयॉर्कचा मूल्यनिर्धारक एक किंमत लावतो, बॉस्टनचा दुसरी. दुसरं दुखणं अधिक खोल. समजा, भट्टीतून निघालेलं कच्चं लोखंड टनाला २० डॉलर आहे. २४ टक्क्यांनी शुल्क ४ डॉलर ८० सेंट. ब्रिटनमध्ये मंदीने भाव १२ डॉलर झाला तर शुल्क २ डॉलर ८८ सेंट. म्हणजे परदेशी माल सर्वांत स्वस्त होऊन अंगावर येतो नेमकं तेव्हाच संरक्षणही पातळ होतं. मॉरिल यांनी कच्च्या लोखंडावर टनाला सरळ ६ डॉलर लावले. भाव २० असला तर ते ३० टक्के, १२ असला तर ५० टक्के. दर न बदलता भार बदलतो. ‘आम्ही फक्त १८४६ ची पातळी परत आणतो आहोत’ असं समर्थक म्हणत होते आणि विरोधक ‘हे दुप्पट आहे’ म्हणत होते. कोणत्या वर्षाचा भाव धरता यावर दोघांचंही काही अंशी खरं ठरत होतं.

लोकरी कापडावरचा दर तर खास बघण्यासारखा आहे: पाउंडाला १२ सेंट, अधिक किमतीच्या २५ टक्के. हे १२ सेंट आले कुठून? मधल्या प्रतीच्या लोकरीवर पाउंडाला ३ सेंट शुल्क बसवलं, मेंढपाळांसाठी. एक पाउंड कापडाला चार पाउंड लोकर लागते असं गृहीत धरलं. तीन गुणिले चार, म्हणजे गिरणीवाल्याला कच्च्या मालात जेवढा फटका तेवढी भरपाई; वरचे २५ टक्के हे खरं संरक्षण. सगळ्याच कापडाला चार पाउंड लागत नाहीत, म्हणून भरपाईच्या नावाखाली जादा संरक्षण आत शिरलं. टॅरिफचं राजकारण इथे चालतं, अशा पोटकलमांत. ज्यांना हा विषय रंगवून सांगायचा आहे त्यांनी हे एक कलम फळ्यावर सोडवून दाखवावं, विद्यार्थी विसरणार नाहीत.

आता ‘दक्षिण पाऊण टॅरिफ भरत होती’ हा आकडा. कोणी ७५ टक्के सांगतं, कोणी ८० च्याही पुढे जातं. शुल्क बंदरात भरलं जातं आणि एकट्या न्यूयॉर्क बंदरात देशातलं साधारण दोन तृतीयांश शुल्क जमा होत होतं. दक्षिणेत लक्षात घ्यावं असं एकच बंदर होतं, न्यू ऑर्लीन्स; चार्ल्स्टनचं शुल्क न्यूयॉर्कच्या एक टक्क्याच्या आसपास. अर्थात भरणारा आणि भार सोसणारा एकच असतो असं नाही, माल न्यूयॉर्कला उतरून दक्षिणेत जाऊ शकतो. मग लोकसंख्या बघा. १८६० मध्ये देशाची लोकसंख्या ३ कोटी १४ लाख. पुढे कॉन्फेडरसीत गेलेल्या अकरा राज्यांत ९१ लाख आणि त्यांतले सुमारे ३५ लाख गुलाम, ज्यांच्या हातात खरेदीला पैसाच नव्हता. उरलेल्या ५६ लाख माणसांनी, म्हणजे देशाच्या जेमतेम १८ टक्क्यांनी, आयात मालातला तीन चतुर्थांश माल वापरला असं मानायचं असेल तर प्रत्येक दक्षिणी घरात रेशमाची आणि चिनी मातीच्या भांड्यांची कोठारं हवी होती.

या आकड्यामागे मुळात एक जुना युक्तिवाद आहे आणि तो सांगितला तर चर्चा जास्त प्रामाणिक होईल. १८३० च्या सुमारास साउथ कॅरोलायनाचे जॉर्ज मॅकडफी यांनी ‘चाळीस गाठींचा सिद्धांत’ मांडला: ४० टक्के शुल्क म्हणजे मळेवाल्याच्या दर शंभर गाठींपैकी चाळीस गाठी सरकार उचलून नेतं. तर्क असा की देशाच्या निर्यातीत निम्म्याहून जास्त कापूस आहे, निर्यातीच्या पैशानेच आयात होते, म्हणून आयातीवरचा कर हा कापसावरचाच कर. यात तथ्याचा कण आहे: आयातीवरचं शुल्क अखेर निर्यातदारालाही काही प्रमाणात झोंबतं, हे आजचं अर्थशास्त्रही मान्य करतं. पण ‘काही प्रमाणात’ आणि ‘शंभरात चाळीस’ यांत फार अंतर आहे. मळेवाला लिव्हरपूलला कापूस विकून हुंडी घेत होता. ती हुंडी वटवून विलायती माल मागवणारा माणूस वेगळा आणि तो माल विकत घेणारे देशभर पसरलेले.

१८३२ च्या शुल्क-रद्दीकरणाच्या प्रकरणात, म्हणजे साउथ कॅरोलायनाने केंद्राचं टॅरिफ आपल्यापुरतं रद्द ठरवलं तेव्हा, हा सिद्धांत ऐन भरात होता. तिथे तुमच्या नोट्स बऱ्यापैकी बरोबर असतात: १८२८ चं ‘घृणास्पद टॅरिफ’, साउथ कॅरोलायनाचा ठराव, राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांची सैन्याची धमकी, १८३३ ची सिनेटर क्ले यांची तडजोड, टप्प्याटप्प्याने २० टक्क्यांपर्यंत उतार. मग थेट १८६१ वर उडी. मधल्या काळात १८४२ ला दर चढले आणि १८४६ व १८५७ ला उतरले, हे गायब. आणि मुख्य म्हणजे त्या प्रकरणाचे सूत्रधार जॉन कॅल्हून यांनी सप्टेंबर १८३० मध्ये एका स्नेह्याला काय लिहिलं होतं ते गायब: टॅरिफ हे दुर्दैवी स्थितीचं निमित्त आहे, खरं कारण नव्हे, दक्षिणेची ‘विशिष्ट व्यवस्था’ तिला बाकीच्या देशाच्या विरोधात उभी करते आहे. ती व्यवस्था कोणती, ते कॅल्हून यांच्या वाचकाला विचारावं लागत नव्हतं.

फुटणाऱ्या राज्यांनी स्वतः काय लिहिलं हे तपासायला फारसा वेळ लागत नाही. साउथ कॅरोलायनाच्या २४ डिसेंबर १८६० च्या कारणपत्रात टॅरिफचा उल्लेख नाही. पळून गेलेले गुलाम उत्तरेची राज्यं परत करत नाहीत, ही मुख्य तक्रार. मिसिसिपीने सुरुवातीलाच आपलं स्थान गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेलं आहे असं जाहीर केलं. जॉर्जियाच्या पत्रात संरक्षक शुल्काचा इतिहास येतो, पण १८४६ मध्ये तो डाव संपला असं ते पत्रच सांगतं आणि पुन्हा गुलामगिरीकडे वळतं. उलट बाजूचा पुरावाही सांगायला हवा: साउथ कॅरोलायनाने गुलाम राखणाऱ्या इतर राज्यांना उद्देशून दुसरं निवेदन काढलं, ते रॉबर्ट बार्नवेल रेट यांनी लिहिलं आणि त्यात उत्तरेच्या करांची तुलना ब्रिटिश करांशी केलेली आहे. ज्यांना टॅरिफची बाजू मांडायची आहे त्यांनी हा दस्तऐवज वापरावा. मॉरिल कायदा तिथे उपयोगाचा नाही, तो तेव्हा अस्तित्वात नव्हता.

आमच्या दृष्टीने सर्वांत बोलका पुरावा तडजोडींचा आहे आणि मराठीत तो जवळपास कुणीच वापरत नाही. १८३३ मध्ये भांडण टॅरिफचं होतं, म्हणून तडजोडही टॅरिफचीच झाली: दर उतरवले आणि प्रकरण मिटलं. १८६०-६१ च्या हिवाळ्यात देश वाचवायला जे जे प्रस्ताव आले ते बघा. केंटकीचे क्रिटेंडन यांच्या सहा घटनादुरुस्त्या, १८ डिसेंबर: सगळ्या गुलामगिरीबद्दल. फेब्रुवारीत वॉशिंग्टनच्या विलर्ड हॉटेलात भरलेली २१ राज्यांची शांतता परिषद: प्रस्ताव गुलामगिरीबद्दल. कॉर्विन घटनादुरुस्ती, म्हणजे राज्यांतल्या गुलामगिरीला केंद्राने कधीही हात लावू नये अशी हमी: प्रतिनिधिगृहात २८ फेब्रुवारीला १३३ विरुद्ध ६५, आणि सिनेटमध्ये २ मार्चच्या बैठकीत २४ विरुद्ध १२. ज्या २ मार्चला मॉरिल टॅरिफवर सही झाली तोच हा दिवस. दक्षिणेला परत आणायला धडपडणारी संसद एका हाताने शुल्क वाढवते आणि दुसऱ्या हाताने गुलामगिरीला घटनात्मक हमी देते. खरं दुखणं शुल्काचं आहे असं त्या माणसांना वाटत असतं तर त्यांनी नेमकं उलट केलं असतं.

बिल इतकं उशिरा सिनेटपर्यंत पोचलं त्याची कथाही गुलामगिरीतूनच जाते. डिसेंबर १८५९ मध्ये प्रतिनिधिगृह भरलं तेव्हा कोणत्याच पक्षाला बहुमत नव्हतं. सभापतिपदासाठी रिपब्लिकनांचे उमेदवार ओहायोचे जॉन शर्मन. पण गुलामगिरीवर आर्थिक अंगाने टीका करणाऱ्या एका दक्षिणी गोऱ्या लेखकाच्या पुस्तकाला त्यांनी पाठिंब्याची सही दिली होती, त्यावरून दोन महिने रण माजलं. सभापती नाही म्हणजे समित्या नाहीत, समित्या नाहीत म्हणजे बिलं नाहीत. चव्वेचाळिसाव्या फेरीत, १ फेब्रुवारी १८६० रोजी, न्यू जर्सीचे पेनिंग्टन निवडून आले. शर्मन करांची बिलं पाहणाऱ्या वेज अँड मीन्स समितीचे अध्यक्ष झाले आणि त्या समितीतले व्हर्माँटचे जस्टिन मॉरिल यांनी १२ मार्चला बिल आणलं. (हेच मॉरिल १८६२ च्या लँड ग्रँट कायद्याचे, ज्यातून अमेरिकेतली कृषी विद्यापीठं उभी राहिली, तिथे मात्र नोट्समध्ये नाव बरोबर येतं.)

मग टॅरिफने नेमकं काय केलं? त्याने लिंकनला पेनसिल्व्हेनिया मिळवून दिलं, निदान मिळवायला मोठा हात लावला. १८५६ मध्ये रिपब्लिकन तिथे हरले होते. १८६० मध्ये तिथली २७ निर्वाचक मतं होती, न्यूयॉर्कखालोखाल सर्वांत जास्त, आणि लोखंडाच्या भट्ट्या मंदीने थंडावलेल्या. रिपब्लिकन पक्षाच्या शिकागोच्या जाहीरनाम्यातलं बारावं कलम या भट्ट्यांसाठी होतं. शब्दरचना मुद्दाम सैल ठेवली, कारण पक्षात जुने डेमोक्रॅट मुक्त-व्यापारवालेही आले होते. लिंकन यांनी १५ फेब्रुवारी १८६१ रोजी पिट्सबर्गला टॅरिफवर भाषण केलं तेव्हाही या विषयावर आपला पक्का अभ्यास झालेला नाही असं त्यांनी कबूल केलं. आणि सही करणारे ब्यूकॅनन डेमोक्रॅट असले तरी पेनसिल्व्हेनियाचे होते आणि वजनावर ठरलेल्या शुल्काचा आग्रह त्यांनी आपल्या वार्षिक संदेशांतून आधीच धरला होता. ‘लिंकनचं टॅरिफ’ असं लिहिणाऱ्यांनी एवढं तरी दुरुस्त करावं. लिंकन यांचा शपथविधी त्यानंतर दोन दिवसांनी, ४ मार्चला झाला.

शपथविधीच्या भाषणातलं एक वाक्य हल्ली व्हिडिओंमध्ये फिरतं: सरकारच्या मालकीच्या जागा ताब्यात ठेवू आणि शुल्क व कर गोळा करू. ‘बघा, युद्ध पैशासाठी!’ असा त्याचा अर्थ लावला जातो. १८६१ मध्ये दक्षिणी बंदरात केंद्र सरकार म्हणजे काय होतं? एक पोस्ट ऑफिस, एक कस्टम हाउस आणि एखादा किल्ला. कोणावरही चढाई न करता सार्वभौमत्व टिकवायचं तर हातात एवढ्याच गोष्टी होत्या. चार्ल्स्टनच्या बंदरातल्या सम्टर किल्ल्यावर १२ एप्रिलला युद्धाच्या पहिल्या तोफा सुटल्या त्याही याच कारणाने. उत्तरेच्या व्यापाऱ्यांना मार्चमध्ये टॅरिफची धास्ती जरूर बसली: न्यूयॉर्कला नवे चढे दर आणि न्यू ऑर्लीन्सला जुने हलके, मग माल मिसिसिपी नदीतून वर चढून चोरवाटेने ओहायोत येईल. फुटण्याबाबत नरम असलेली न्यूयॉर्कची व्यापारी मंडळी त्यानंतर कडक झाली. टॅरिफचा हा परिणाम खरा आहे, पण तो फूट पडल्यानंतरचा.

कॉन्फेडरसी मुक्त व्यापारासाठी जन्मली, असं म्हणणाऱ्यांनी तिची कागदपत्रं उघडावीत. ९ फेब्रुवारीला तिने अमेरिकेचेच प्रचलित कायदे, १८५७ च्या शुल्कासकट, चालू ठेवले. ११ मार्चच्या कायम घटनेत उद्योगांना पोसण्यासाठी शुल्क लावायला बंदी घातली, हे खरं. त्याच घटनेत गुलामांवरची मालकी बाधित करणारा कोणताही कायदा करायलाही बंदी आहे. आणि २८ फेब्रुवारीला, युद्ध सुरू होण्याआधीच, कर्जाच्या तारणासाठी तिने कापसाच्या निर्यातीवर पाउंडाला एक अष्टमांश सेंट शुल्क लावलं. चारशे पाउंडांच्या गाठीला पन्नास सेंट. निर्यातीवर कर लावणं अमेरिकेच्या घटनेत सरळ निषिद्ध होतं. मळेवाल्याच्या कापसावर थेट कर बसवणारं पहिलं सरकार त्याचं स्वतःचं निघालं.

परदेशात टॅरिफची सबब मोठी झाली ती ब्रिटनमुळे. मुक्त व्यापारवाल्या लंडनला मॉरिलचे दर झोंबले, आणि गुलामगिरीच्या बाजूने बोलणं तिथे अवघड असल्याने कॉन्फेडरसीच्या हस्तकांनी शुल्काचंच पालुपद धरलं. आज मराठीत जे फिरतं ते बहुतेक तिथूनच, काही हात बदलून, आलेलं आहे.

शेवटी आपल्याकडची एक गोष्ट, कारण तुमच्या नोट्समध्ये पुढचाच मुद्दा ‘मुंबईची कापूस-तेजी’ हा असतो आणि तीही काही ठिकाणी टॅरिफला जोडलेली दिसते. मॉरिल कायद्याचा वऱ्हाड-खानदेशच्या कापसाशी संबंध नाही. ते शुल्क अमेरिकेत येणाऱ्या मालावर होतं, तिथून बाहेर जाणाऱ्या कापसावर नव्हे. अमेरिकी कापूस लिव्हरपूलला पोचायचा थांबला तो लिंकन यांनी १९ एप्रिल १८६१ रोजी जाहीर केलेल्या नाकेबंदीने, आणि ब्रिटनला वाकवण्यासाठी दक्षिणेने आपणहून कापूस रोखून धरल्याने. लँकेशायरकडे १८६१ मध्ये साठा भरपूर होता, म्हणून खरी टंचाई १८६२ मध्ये जाणवली आणि मुंबईचे भाव त्यानंतर भडकले. मुंबईतल्या बॅक बे कंपनीच्या शेअरांचा फुगा १८६५ मध्ये युद्ध संपताच फुटला. तेव्हा पुढच्या आवृत्तीत मॉरिल टॅरिफ ‘कारणे’ या मथळ्याखालून काढून १८६१ च्या घटनाक्रमात २ मार्चसमोर ठेवावं, त्याच ओळीत कॉर्विन दुरुस्ती लिहावी, आणि सराव चाचणीतला ‘दक्षिणेच्या फुटीचे तात्कालिक कारण’ हा प्रश्न ठेवायचाच असेल तर उत्तराच्या जागी ६ नोव्हेंबर १८६० ची निवडणूक घालावी.

कळावे,
आपले,
अमेरिकी इतिहासाचे काही मराठी अभ्यासक